आठवा प्लग



मागील लेखात आम्ही घरातील गळक्या नळांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांना उत्तरे देणे अजून बाकी आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही या वेळी नळ बाजूला ठेवून एका मोटारीविषयी लिहीत आहोत. या मोटारीच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली. ती निस्तरताना जे शिकलो ते सांगायचे तर चूकही सांगितली पाहिजे.

आपल्यापैकी ज्यांचे तारुण्य महाराष्ट्रात गेले त्यांना स्पार्क प्लग म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. बजाजची स्कूटर भर पावसात रस्त्यात बंद पडे. मग ती स्टँडवर घेऊन बाजूचे झाकण काढायचे, डिकीतील नळीसारखा पाना लावून प्लग सोडवायचा, काजळी धरलेले त्याचे टोक पॉलिश पेपरने घासायचे, फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायचा. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असल्याने ही काजळी वारंवार धरे. कितीतरी घरांत हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही येत असे. आमच्यातील एकाचे वडील एस. टी.च्या कार्यशाळेत यांत्रिक होते. त्यांना मात्र या कलेचे फारसे कौतुक नव्हते. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच, हवा दाबून तापवली की इंधन आपणहून पेटते, असे ते सांगत आणि आमच्या स्कूटरकडे जरा दयेने पाहत.

त्या स्कूटरला एकच प्लग होता. आम्ही ज्या मोटारीविषयी लिहीत आहोत तिला आठ आहेत, आणि त्यांतील आठवा बॉनेट उघडून कितीही वाकले तरी हाताला लागत नाही.

आम्ही म्हणजे कोव्हेंट्रीच्या परिसरात राहणारी तीन कुटुंबे. शनिवारी दुपारी आमच्यापैकी एकाच्या गॅरेजमध्ये जमतो. हत्यारे सामाईक आहेत, चहा ज्याचे गॅरेज त्याचा. मोटार आमची नव्हे. ती शेजारच्या एका इंग्रज गृहस्थांची आहे. आमची मुले त्यांना ‘आजोबा’ म्हणू लागली, मग आम्हीही म्हणू लागलो. आता तो शब्द ते स्वतःच्या नावासारखाच ओळखतात. त्यांची गाडी सनबीम टायगर, पहिल्या मालिकेतील. चाळीसहून अधिक वर्षे ती त्यांच्याकडे आहे. गुडघ्यांनी आणि दृष्टीने साथ सोडेपर्यंत तिचे प्रत्येक काम त्यांनी स्वतः केले.

या गाडीचा इतिहास थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण प्लगची अडचण त्यातूनच जन्मली आहे. कोव्हेंट्रीजवळ कारखाना असलेल्या रूट्स समूहाची ‘सनबीम अल्पाइन’ ही देखणी, दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी होती. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १.६ लिटरचे. दिसायला गाडी वेगवान, धावायला बेताची. तेव्हा अमेरिकेत कॅरोल शेल्बी या माजी शर्यतपटूने छोट्या ब्रिटिश गाडीत फोर्डचे मोठे इंजिन बसवण्याचा प्रयोग यशस्वी करून दाखवला होता. त्यांनाच अल्पाइन सोपवली गेली. फोर्डचे आठ सिलिंडरांचे, ४.२ लिटरचे इंजिन तिच्यात बसवण्यात आले. पातळ भिंतींच्या ओतकामामुळे हे इंजिन त्याच्या शक्तीच्या मानाने हलके आणि आटोपशीर होते. म्हणूनच ते तिथे मावण्याची शक्यता तरी होती. १९६४ ते १९६७ या काळात सुमारे सात हजार टायगर तयार झाल्या. त्यांची जुळणी वेस्ट ब्रॉमविच येथे जेन्सन यांच्या कारखान्यात होत असे. बहुतेक गाड्या अमेरिकेस गेल्या. थोड्या येथे राहिल्या.

चार सिलिंडरांसाठी आखलेल्या जागेत आठ सिलिंडर! त्यासाठी स्टिअरिंगची सारी यंत्रणा बदलावी लागली, बॅटरी मागच्या डिकीत न्यावी लागली. जुळणीच्या वेळी इंजिन आत सरकावे म्हणून, रंग देऊन झालेल्या गाडीच्या पत्र्याच्या आडभिंतीवर एक कामगार मोठ्या हातोड्याने घाव घालत असे. ही दंतकथा वाटावी, पण त्या कारखान्यातील कामाचा तो एक ठरलेला टप्पाच होता. पुढे रूट्स समूह क्रायस्लरच्या ताब्यात गेला. आपल्या गाडीत प्रतिस्पर्धी फोर्डचे इंजिन असावे, हे नव्या मालकांना रुचणारे नव्हते. त्यांच्याकडेही आठ सिलिंडरांचे इंजिन होते. परंतु त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागच्या बाजूला होता, फोर्डच्या इंजिनाचा पुढे. मागे बोटभर जागा नाही, तिथे डिस्ट्रिब्यूटर कोठून मावणार? टायगर बंद झाली. एका गाडीचे आयुष्य संपण्याची जी कारणे होती त्यांत ही थोडक्या इंचांची अडचणही होती, याचे आम्हांस अजून नवल वाटते.

(असल्या अडचणीत टायगर एकटी नाही. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या शेवरोले मॉन्झाच्या आठ सिलिंडरी गाडीत एक प्लग काढण्यासाठी इंजिनाचा आधार सैल करून इंजिनच थोडे उचलावे लागे. याउलट आपली अ‍ॅम्बेसेडर. बॉनेट उघडले की चारही प्लग एका ओळीत, हात लांब केला की हजर. तिच्या इंजिनाभोवती इतकी मोकळी जागा असे की माणूस आत उभा राहील.)

आता चुकीविषयी.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आजोबांनी आम्हांला आठ नवे प्लग आणून दिले आणि ते बदलण्याची विनंती केली. कामाला आरंभ चांगला झाला. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले होते. प्लगच्या भोवती साठलेली धूळ आधी हवेच्या पंपाने उडवली. तसे न केल्यास प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते. तारांवर क्रमांक लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावल्या. तार ओढायची नाही, तिच्या टोकाची रबरी टोपी धरून किंचित पिळून काढायची, हा नियम पाळला. फोर्डच्या क्रमाप्रमाणे उजव्या बाजूचे चार सिलिंडर पुढून मागे एक ते चार, डाव्या बाजूचे पाच ते आठ. एक, दोन, पाच, सहा हे सहज निघाले. तीन, चार आणि सात यांनी घाम काढला. कधी आडवा सांधा असलेला दांडा, कधी आखूड दांडा, कधी नुसती बोटे. या इंजिनाचे प्लग १८ मिलिमीटरचे आहेत. नेहमीच्या १४ मिलिमीटरच्या प्लगहून ते जाड, म्हणून त्यांचा १३/१६ इंची पानाही जाड, आणि जागा मात्र तीच. सातव्याला सव्वा तास लागला.

आठव्याला आम्ही दोन तास दिले. वरून हात जात नव्हता. खालून एक्झॉस्टचा नळ आड येत होता. पाना प्लगवर बसला तर दांडा बसत नव्हता, दांडा बसला तर फिरवायला जागा नव्हती. एकाच्या मनगटाची साल निघाली. अंधार झाला. तेव्हा आमच्यातील एक जण म्हणाला, ‘‘तो चालतोय ना? मग राहू दे.’’ कोणी हो म्हटले नाही आणि कोणी नाहीही म्हटले नाही. जुने सात प्लग आम्ही कचऱ्यात टाकले, जेणेकरून कोणी मोजू नये. उरलेला नवा प्लग आमच्या हत्यारांच्या खणात गेला. आजोबांनी विचारले, ‘‘आठही झाले?’’ आम्ही म्हणालो, ‘‘झाले.’’

आम्हा तिन्ही घरांत सकाळी पंचशील म्हटले जाते. चौथे शील कोणते, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही.

शरद ऋतूत गाडी अडखळू लागली. उभी असताना ठीक, चढ आला की धक्के. आजोबांनी विचार केला तो अगदी योग्य केला: प्लग तर नवेच आहेत, तेव्हा दोष इंधनाकडचा असावा. त्यांनी गाडी एका कार्यशाळेत नेली. तेथील कारागिरांना त्यांनी प्लग नवे असल्याचे सांगितले. त्यांनी हाताशी येणारे दोन काढून पाहिले, ते खरोखरच नवे होते. मग कार्ब्युरेटर पूर्ण उघडून दुरुस्त झाला. त्या कामात काही खोट नव्हती. गाडी मात्र अडखळतच राहिली. यानंतर संशय झडपांवर आणि पिस्टनच्या कड्यांवर, म्हणजे इंजिन उघडण्यावर आला. या वसंतात एके दिवशी आजोबा कुंपणाशी उभे राहून म्हणाले की एवढा खर्च आता झेपणार नाही, इंजिन थकले आहे, आपणही थकलो आहोत. विक्रीची जाहिरात दिली आहे, ‘इंजिनात दोष’ असे लिहून.

त्या संध्याकाळी आम्ही तिघे खण उघडून बसलो. नवा प्लग डबीत होता तसाच होता.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगतो. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक प्लग दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी देतो. मिनिटाला ३००० फेऱ्या होत असतील तर एका प्लगच्या वाट्याला सेकंदाला २५ ठिणग्या येतात. प्रत्येक ठिणगीत धातूचा सूक्ष्म अंश झिजतो, टोकाच्या कडा गोल होतात, फट रुंदावते. फट जितकी रुंद, तितका ती ओलांडायला विजेचा दाब अधिक लागतो. शिवाय पांढऱ्या चिनी मातीच्या आवरणावर काजळी साचली तर वीज फटीवरून उडी मारण्याऐवजी काजळीवरून ओघळून जाते. इंजिनावर भार नसताना अशी दुबळी ठिणगीही कशीबशी निभावते. चढावर सिलिंडरमध्ये मिश्रण दाट कोंबले जाते, तेव्हा ती विझते. आजोबांची गाडी चढावरच का अडखळे, याचे उत्तर आमच्या खणात पडलेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेही त्यांच्याकडे गेलो. बायकामुलांना सोबत नेले नाही. नेले असते तर बोलणे सोपे झाले असते आणि म्हणूनच नेले नाही. जे घडले ते सांगितले. जुने प्लग टाकून दिल्याचेही सांगितले, कारण ते सांगितले नसते तर कबुली अर्धीच राहिली असती. आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. नंतर त्यांनी एवढेच विचारले, ‘‘मग आठवा वरून काढत होता तुम्ही?’’

आम्ही होकार दिला.

‘‘तो वरून निघतच नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मला विचारायचे होते.’’

ते काठी घेऊन बाहेर आले. गाडीचे डावे दार उघडले. आपल्या देशाप्रमाणे येथेही स्टिअरिंग उजवीकडे असल्याने ती बाजू शेजारच्या प्रवाशाची. त्यांनी आम्हांला पायाखालचा गालिचा वर उचलायला सांगितले. पत्र्याच्या आडभिंतीत एक गोल रबरी बूच होते. ते काढले, आणि त्या भोकातून समोर दिसला तो आठवा प्लग. इंजिनाच्या बाजूने ज्याला हात लागत नव्हता, त्याच्यासाठी कारखान्याने बैठकीच्या बाजूने वाट ठेवली होती. गेल्या एप्रिलमध्ये ‘जमत नाही’ असे म्हटले असते तर ही वाट आम्हांला पाच मिनिटांत कळली असती.

शनिवारी कामाला लागलो. आधी परीक्षा केली. इंजिन चालू ठेवून, विजेपासून सुरक्षित अशा चिमट्याने एकेका प्लगची तार काढून पाहिली. पहिल्या सात तारा काढताना प्रत्येक वेळी इंजिनाचा सूर पडला. आठवी काढली, तेव्हा काहीच बदलले नाही. म्हणजे तो सिलिंडर आधीच मुका होता. (जुन्या, साध्या इग्निशनच्या गाडीवर हे चालते. आजच्या इलेक्ट्रॉनिक गाडीवर कृपया करू नये.) मग इंजिन बंद करून थंड होऊ दिले.

आठवा काढण्याचे काम ताईंनी केले. त्या आमच्या तीन कुटुंबांपैकी एकातील, रुग्णालयात परिचारिका आहेत. भोकातून प्लग दिसतो खरा, पण पाना आत गेला की दिसेनासा होतो. पुढचे सारे स्पर्शावर. ताई प्रवाशाच्या आसनावर उलट्या वाकून, डोके डॅशबोर्डखाली घालून बसल्या. न दिसणारी शीर बोटांनी शोधायची सवय आहे, असे त्या म्हणाल्या. पाना बसला. पहिला जोर लावला तेव्हा प्लग हलला नाही. आम्हांपैकी एकाने लांब दांडा पुढे केला, तो त्यांनी नाकारला. थोडे वंगण सोडले, अर्धा तास थांबलो, चहा झाला. नंतर त्यांनी झटका न देता एकसारखा दाब देत नेला आणि एक कोरडा ‘कट्’ असा आवाज आला. एक क्षण सर्वांना वाटले, चिनी माती तुटली. तुटली नव्हती, गंज सुटला होता.

बाहेर आलेला प्लग हातात घेऊन पाहिला. निरोगी प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असते. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त. ओला तेलकट थर असेल तर ऑइल वर येते आहे. पांढरे, फोड आल्यासारखे टोक म्हणजे अतिउष्णता. आमच्या आठव्यावर काळी खपली होती, मधले टोक गोल झिजले होते, आणि फट नव्या प्लगच्या जवळजवळ दुप्पट. मात्र ऑइलचा ओलावा नव्हता. आम्ही त्या सिलिंडरचा दाब मोजला. तो इतर सिलिंडरांइतकाच भरला. इंजिन थकलेले नव्हते.

नवा प्लग बसवण्याआधी त्याची फट फीलर गेजने तपासली. सुमारे ०.८५ मिलिमीटर हवी. आमची किंचित कमी होती, ती सावकाश वाढवली. बसवण्याची युक्ती आजोबांनी सांगितली. रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या शेंड्यावर घट्ट बसवायचा आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आत न्यायचा. आटे वाकडे धरले तर नळी घसरते आणि आपोआप सावध करते. पान्याला ही दया नसते. तो वाकडे आटेही जोराने कापत नेतो. ताईंनी तीन वेळा आरंभ केला, दोन वेळा नळी घसरली, तिसऱ्या वेळी प्लग सरळ फिरत गेला. या प्लगची बैठक निमुळती असते, तिला वायसर नसतो. म्हणून बोटांनी पूर्ण बसल्यावर पान्याने फेरीचा केवळ सोळावा भाग. अधिक आवळला तर पुढच्या वेळी निघणार नाही, आणि पुढच्या वेळी तो काढणारेही आम्हीच असणार.

शेवटी तारा. या इंजिनात ठिणग्यांचा क्रम एक, पाच, चार, दोन, सहा, तीन, सात, आठ असा आहे. सात आणि आठ हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या तारा एकमेकींना चिकटून समांतर गेल्या तर सातव्याच्या विजेने आठव्याच्या तारेत अवेळी ठिणगी उठू शकते. गेल्या वर्षी घाईत आम्ही त्या दोन्ही एकाच चिमट्यात बांधून ठेवल्या होत्या. हे कोणाच्या लक्षात आलेले नव्हते. या वेळी आले. त्या वेगळ्या केल्या आणि हेही आजोबांना सांगितले. ते म्हणाले, ‘‘आणखी काही?’’ आम्ही म्हणालो, नाही. हे खरे होते.

गाडी त्यांनी स्वतः चालवली नाही. दृष्टीमुळे त्यांचा परवाना आता नाही. आमच्यातील एकाने चालवली, ते शेजारी बसले, पाय त्याच गालिच्यावर. केनिलवर्थच्या रस्त्याने गेलो. चढावर त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि डोके जरा बाहेर काढून ऐकत राहिले. काही बोलले नाहीत. परतल्यावर म्हणाले, ‘‘तिसरा गिअर आणखी थोडा वेळ ठेवायला हवा होता.’’

कार्ब्युरेटरच्या बिलाची रक्कम आम्ही तिघांनी मिळून पाकिटात घालून नेली होती. ते नको म्हणतील, अशी आमची मनोमन समजूत होती. त्यांनी पाकीट उघडले, नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि धन्यवाद दिले. जुना आठवा प्लगही मागून घेतला. तो आता त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. आमच्या दारातून दिसतो.

विक्रीची जाहिरात त्यांनी काढून घेतली की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. काल सकाळी गाडी दारात उभी होती. पुढील लेखात नळांविषयीच्या पत्रांची उत्तरे देऊ.